पुजलेला टॉवर

“अहो, हात लावू नका! पूजा झालीय!”

काकू ओरडल्या. आवाज असा, की मेक्सिकोच्या आखातातली दोनचार तेलवाहू जहाजं वाट चुकली असतील. गॅरेजमधले पंधरावीस पाहुणे जागच्या जागी थिजले. माझा हात हवेत तसाच.

तो टॉवर मीच बांधला होता. म्हणजे त्याचं मॉडेल. तिकडे अरबांच्या आखातात, वाळूतून भराभर वर येणाऱ्या एका शहरासाठी आमची ह्यूस्टनची कंपनी ऐंशी मजली इमारत डिझाइन करत होती. मी तिथला मॉडेलमेकर. लाकूड, ॲक्रिलिक, गोंद. बोटं इतक्यांदा चिकटली, की वरच्या काही मजल्यांवर माझंच कातडं असेल. समुद्र केला, रस्ते केले, रस्त्यांवर नखाएवढी माणसं उभी केली. टॉवर माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला.

दिवस वाईट होते. तेलाचे भाव कोसळत होते. डाउनटाउनमध्ये नवेकोरे टॉवर उभे, पण आत मजलेच्या मजले काळे. फुकट दिले तरी कबुतरं राहायला येईनात. ऑफिसात दर शुक्रवारी कुणीतरी आपलं सामान खोक्यात भरून निघायचं आणि बाकीचे मान खाली घालून रेघा ओढत बसायचे. आखातातलं ते एक काम मिळालं तरच कंपनी जगणार होती. आणि कंपनी जगली तरच मी अमेरिकेत राहणार. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद बॉसच्या टेबलावर, त्यांच्या सहीची वाट बघत.

बॉस पुण्याचे. चीफ इंजिनियर. मी त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. दसरा रविवारी आला, तर म्हणाले, मॉडेल घरीच आण, पूजा करू, सोमवारी विमानात चढवू. ऑफिसात उदबत्ती लावली की फायर अलार्म बोंबलतो. मीच व्हॅनमधून आणलं, मीच त्यांच्या गॅरेजात उभं केलं. तोवर काकू मला “अरे, चहा घेतोस ना?” म्हणत होत्या.

पूजा झाली. गप्पा निघाल्या, लहानपणी दसऱ्याला कोण काय करायचं. कुणी आपट्याच्या पानांचं सांगितलं, कुणी श्रीखंडाचं. माझी पाळी आली.

“आई आम्हाला नागपूरला न्यायची,” मी म्हणालो. “दीक्षाभूमीवर.”

संपलं. कोपऱ्यातल्या फ्रिजची घरघर ऐकू आली. मग कुणीतरी हवेचा विषय काढला. ह्यूस्टनच्या हवेत बोलण्यासारखं काय असतं? अंगातला शर्ट पिळला की बादली भरते, एवढंच.

तेवढ्यात मला दिसलं, काकूंनी घातलेल्या हाराच्या वजनाने टॉवरचं टोक कलतंय. मी हात पुढे केला. आणि काकू ओरडल्या. दहा मिनिटांत मी ‘अरे’चा ‘अहो’ झालो होतो. इतका मान मला त्या घरात कधी मिळाला नव्हता.

मग एक पाहुणा पुढे झाला. एका हातात अर्धा बटाटावडा. दुसऱ्या हाताच्या तेलकट बोटांनी त्याने टोक सरळ केलं.

कुणी ओरडलं नाही. काकू म्हणाल्या, “थँक यू हं.”

काका मला गाडीपर्यंत सोडायला आले. मनावर घेऊ नकोस यार, म्हणाले, जुनी माणसं. काकू माझ्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठ्या.

घरी जाताना डाउनटाउनचे ते आंधळे टॉवर दिसत राहिले. आणि मामा आठवला. आईचा धाकटा भाऊ. आखातातल्या त्याच शहरात परांच्या बांधतो. मॉडेलवर मी चिकटवलेली सगळी माणसं बॅगा घेऊन चाललेली. परांचीवरचा एकही नाही. कुणी मागितलाच नव्हता.

ऐंशी मजले. प्रत्येक सळई, प्रत्येक काच मामासारख्यांच्या हातांनी वर जाणार. हात सुटला तर खाली वाळू. तेव्हा काकू काय करणार होत्या? गोमूत्राचं जहाज पाठवणार होत्या?

सोमवारी सकाळी व्हॅन घेऊन गेलो. मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूने आभाळ काळं होत आलेलं. काका गॅरेजच्या दारात उभे. टॉवर आत, तसाच, हारासकट. काकांची कंबर अशी, की पेन्सिल खाली पडली तर ते नवी मागवायचे. त्यांच्या हातात पिवळे रबरी ग्लोव्ज होते. काकूंचे. भांडी घासायचे.

“एवढे घाल,” ते म्हणाले. “हिचं समाधान. मग उचल.”

मी ग्लोव्जकडे बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं. गोंदाचे डाग अजून निघाले नव्हते. हात खिशात घातले. बाहेर येतील तेव्हा उघडेच येतील, हे तिथेच ठरलं. या टॉवरपाशी, आणि पुढच्या कुठल्याही.

काका घड्याळाकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “तुझे कागद माझ्या सहीसाठी अडकलेत. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो. “उचला तुम्ही.”