घर नकोच असेल तर…

गणेशपुरीहून फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. बोलत होत्या हिराबाई, माझी थोरली बहीण सुलभाताई ज्यांच्याकडे भाड्याने राहत होती त्या. "दादा, ताय गेली. खुर्चीतच. दुख न्हाय झाला तिला." आज या घटनेला पाच आठवडे झाले.

ताईचा धामणकर नाक्याजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट होता. खालच्या गाळ्यात कापड विणणारे लूम होते. बावीस वर्षे तिने त्या खडखडाटात संसार केला, शाळेच्या कचेरीत कारकुनी केली. भाऊजी गेल्यावर ती मुलाकडे, मकरंदकडे, ठाण्याला गेली आणि फ्लॅट भाड्याने दिला. पुढे नऊ वर्षांनी तिने तो विकायला काढला. आपण स्वतः राहिलो त्या घराला टॅक्स कसला, अशी तिची समजूत होती. मी तिला सीएकडे नेले. मकरंदही आला.

सीएने शांतपणे सांगितले, "मावशी, स्वतः राहिलात की भाड्याने दिलंत, त्याने फरक पडत नाही. झालेल्या नफ्यावर टॅक्स आहे. पण दोन वर्षांत दुसरं घर घेतलंत तर वाचू शकतो."

"आणि घर नकोच असेल तर?"

"मग बाँड घ्या. पैसे पाच वर्षं अडकतील."

"पाच वर्षं? माझं वय विचारलंत का?"

सीए हसला. "मग टॅक्स भरावा लागेल."

"बरं. मग टॅक्स."

मकरंद खुर्चीतून उठलाच. "आई, एवढे पैसे सरकारला द्यायचे? त्यापेक्षा माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये घर घे. तुझ्याच नावावर. नंतरचं नंतर बघू."

"ते नंतरचं मला कळतं रे. आयुष्यभर मी घरं सांभाळली. आणखी एकाची राखण करायला लावू नकोस."

तिला गणेशपुरीत एक खोली भाड्याने घेऊन राहायचे होते. तिथल्या आश्रमाची ओढ म्हणावी, तर ती देवभोळी नव्हती. तिला शांतता हवी होती. उरलेल्या पैशांवर, कुणाकडे हात न पसरता, तिचे भागणार होते.

मी मकरंदची बाजू घेतली, हे इथे नोंदवले पाहिजे. वर्तमानपत्रात करसवलतीच्या बातम्या मी वर्षानुवर्षे लिहिल्या होत्या. सवलत नाकारणारा माणूस एकाही बातमीत नव्हता. मी एका कागदावर दोन रकाने आखले आणि घर घेतल्यास किती वाचतात ते तिला दाखवले. तिने चष्मा लावून सगळे वाचले. "आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "मी कुठे राहायचं, तो रकाना राहिला."

तिने कर भरला. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि लाकडी खुर्ची घेऊन ती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली. मकरंद निरोप द्यायला आला नाही. पुढे दोनदा तो तिला न्यायला गेला. दोन्ही वेळा तिने त्याला जेवू घातले आणि अंबाडीकडच्या एसटीत बसवून दिले.

चौदा महिने ती तिथे राहिली. तिच्या तेराव्याला मकरंद मला म्हणाला, "मामा, चौदा महिन्यांसाठी एवढा टॅक्स…" तो रडत होता, म्हणून मी त्याला फक्त पाणी आणून दिले. उत्तर मात्र देणे आहे. तो कर चौदा महिन्यांचा नव्हता. चौदा दिवसांत गेली असती तरी तिने तेवढाच भरला असता, आणि तो महाग पडला असे मी म्हणू देणार नाही.

गेल्या रविवारी खोली आवरायला गेलो. खुर्ची खिडकीशी होती, तोंड बाहेर भाताच्या खाचरांकडे, पाठ दाराकडे. हिराबाईंनी ती हलवली नव्हती. म्हणाल्या, "मी तिला किती येला सांगितला, ताय, खुर्ची फिरव, कोन येतंय ते दिसंल. तर म्हने, ज्याला मी हवी हाय, तो येल समोर."

मी खुर्चीला वळसा घातला आणि समोर जाऊन उभा राहिलो.