टांझानियाच्या पोरीची सावड

मलकापूरच्या एका दालमिलमध्ये मी डाळ निवडायला जात होते. वडनेरहून आम्ही काही बाया एकाच ऑटोत दाटीवाटीनं बसून जायचो. मागच्या उन्हाळ्यात कृषी महाविद्यालयाच्या सरांनी तिथं एक पोरगी आणून सोडली. टांझानियाची. तिच्या देशातही तूर पिकते आणि पोत्यांत भरून आपल्याकडेच येते. त्या तुरीची डाळ कशी होते, ते तिला शिकायचं होतं. सर शेठजींना आमच्या समोरच म्हणाले, "ही शिक्षणाच्या व्हिसावर आली आहे. तिला सगळं शिकवा आणि शेवटी कागदावर शिक्का द्या. पण तिला कामाला लावता येत नाही आणि मजुरीही देता येत नाही."

शेठजींनी त्यातलं मजुरीचं तेवढं ऐकलं.

सुरुवातीला पोरगी मशीनजवळ उभी राहून लिहून घ्यायची. मग लग्नसराई लागली, काही बाया सुटीवर गेल्या, आणि शेठजींनी तिला आमच्या ओळीत बसवलं. सकाळी बसली की संध्याकाळीच उठायची. हात चांगला चालायचा तिचा. आमच्यातली म्हातारी मावशी म्हणायची, "माह्या नातवाले करून घेतो बाई तुले, फक्त भाकर थापाले शिक." ती काही न समजताही हसायची. पण मशीनकडे पाहायची आणि पुन्हा मान खाली घालायची.

तिला फुकट राबताना आम्हाला पाहवेना. एका दुपारी जेवताना आम्ही आपसात पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. विस्तवाला हात लागावा तशी ती मागे सरकली.

"नहीं आंटी! पैसा लिया तो मुझे वापस भेज देंगे. पढ़ाई खत्म."

मग तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं. आमच्या ओळीत बसलेली कोणी पाहिली, तरी तेच होईल. आणि बसायला नाही म्हटलं तर शेठजी शिक्का देणार नाहीत. शिक्का नाही तर पदवी नाही. म्हणजे आम्ही दया करायला गेलो आणि तिला आणखी खड्ड्यात लोटत होतो. मी पैसे परत गाठीला बांधले. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हातातल्या सुपासकट शेठजींसमोर जाऊन उभी राहिले.

"शेठजी, ते पोरगी शिकाले आली हाय. तिले निवडाले बसवू नका."

आवाज इतका बारीक निघाला की ते "काय म्हणते?" असं विचारत राहिले. पुन्हा म्हटलं तेव्हा सगळ्या मिलला ऐकू गेलं.

"तिले काही त्रास नाही, मंग तुले काऊन होऊन राह्यला?"

"तिचं तोंड तुमच्या शिक्क्यानं बांधलं हाय. माह्यं मोकळं हाय."

"लय वकील झाली! चौथी शिकली ना तू?"

"हाव, चौथी."

"मंग उद्यापासून येऊ नको."

मी सूप खाली ठेवलं.  माझ्या मागून मावशीनं ठेवलं. "मंग मी बी नाही येत. अन् शेठजी, लग्नसराईत दुसऱ्या बाया भेटल्या तं मले बी सांगजा, नातीच्या लग्नात वाढाले पाहिजेत." सगळ्या हसल्या आणि एकेक सूप खाली गेलं. बाहेर माल न्यायला ट्रक येऊन उभा होता.

शेठजींनी ट्रककडे पाहिलं, मग पोरीला उठवलं आणि आम्हाला, मलाही, सूप उचलायला सांगितलं. त्यानंतर मिलच्या मिस्त्रीनं तिला मशीन उघडून दाखवलं. तुरीला तेल-पाणी किती द्यायचं, साल कशी निघते, डाळीची प्रत कशी लावतात, सगळं शिकवलं. शेवटी शिक्काही मिळाला. त्यात शेठजींचे उपकार नव्हते.

पण तिनं आमच्या ओळीत घातलेले दिवस आमच्या अंगावर राहिले होते. पैसे चालत नाहीत तर नाही. आमच्या गावात सावड असते. आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या, मधे पैशाचं नाव नाही. जळगाव जामोदकडे कॉलेजच्या वावरात तिचा अभ्यासाचा मूग उभा होता आणि ती मिलमध्ये अडकल्यामुळे तणात बुडाला होता. सुटीच्या दिवशी आम्ही विळे घेऊन एसटीत बसलो.

सर गडबडले. "अहो, मजुरी कोण देणार? कॉलेजकडं तशी सोय नाही."

"मजुरी कोन मांगून राह्यलं?" मी म्हटलं. "ते आमच्यात बसली, आमी तिच्यात आलो."

पोरीनं चपला बांधावर काढल्या आणि आमच्या मधे येऊन तण निंदायला लागली. संध्याकाळपर्यंत मूग मोकळा झाला.

यंदा हंगाम लागला तसा शेठजींनी बाकीच्या बायांना निरोप धाडला. मला म्हणे, माफी मागितली तर घेऊ. घरचे म्हणतात, दोन शब्दांनी काय झिजते, मागून टाक. मी नाही मागणार. पोरगी पदवी घेऊन तिच्या देशात गेली. त्यात माफी मागण्यासारखं मला काही दिसत नाही. तूर्त लोकांच्या वावरात निंदायला जाते.