खेळण्याआधीचा सत्कार

आमच्या मुलीला बास्केटबॉलच्या संघात घेतलं ते शेवटच्या फेरीत. कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी बायकांची एक हौशी लीग आहे. खेळणाऱ्या बहुतेक फिलिपिनो नर्सेस, थोड्या लेबनीज, थोड्या गोव्याच्या मुली. हंगामाच्या सुरुवातीला इच्छुक मुली एका हॉलमध्ये जमतात आणि प्रत्येक संघाची कोच आळीपाळीने एकेक नाव उचलते. चांगल्या मुली पहिल्या फेऱ्यांतच जातात. आमच्या मुलीचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या टेबलावर जेवणाचे ट्रे आवरायला घेतले होते.

ती दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. उंच आहे, नेम मात्र यथातथाच. कोचने तिला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं की तू बॉल टाकायचा नाहीस, वाटेत उभं राहायचंस. म्हणजे आपली नेमबाज मुलगी पळते तेव्हा तिच्या मागे लागलेल्या मुलीच्या वाटेत खांबासारखं थांबायचं, धडक खायची आणि हलायचं नाही. शेवटच्या फेरीतल्या मुली सुरुवातीचे दोन सामने तपासणीवर असतात. जमलं तर पाठीवर आडनाव छापलेली जर्सी मिळते, नाही तर थांबून राहिलेल्या दुसऱ्या मुलीला बोलावतात.

मुलीला हे सगळं मान्य होतं. शाळेपासून तिला कुठल्या तरी संघात जायचं होतं आणि कोणी घेतलं नव्हतं. अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती संध्याकाळी सोफा आणि टीव्हीच्या मध्ये पाय रोवून उभी राहायची. मी गॅलरीतून वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आत आले की म्हणायची, "आई, कम ऑन, धडक दे." दिवसभर लॅबमध्ये रक्त-लघवी तपासून मी आलेली असायचे. तरी द्यायचे. ती हलायची नाही. मलाच खांद्याला मलम चोळावं लागायचं.

माझ्या नवऱ्याने ही बातमी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. "मुलीची बास्केटबॉल लीगमध्ये निवड", एवढंच. चहा होईपर्यंत ग्रुपवर तिची कुवेतच्या संघात निवड झाली होती. रात्रीच्या जेवणापर्यंत सेक्रेटरींनी सत्कार जाहीर केला होता.

आमचे सेक्रेटरी चिपळूणकडचे. सुलैबियातल्या एका गोदामात स्टोअरकीपर आहेत, बायको-मुलं गावी. मंडळात कोणाच्या मुलाला नव्वद टक्के पडोत की कोणाला बढती मिळो, शाल आणि नारळ घेऊन ते तयार. पण काही केल्याबद्दल सत्कार आणि काही करण्याआधी सत्कार यांत फरक आहे, हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, माणसं हौसेने करतायत, नाही कसं म्हणायचं.

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिला स्टेजवर बोलावलं. सेक्रेटरींनी भाषणात तिला उज्ज्वल भविष्य दिलं, जिल्ह्याचं नाव उंचावायला दिलं, मग देशाचं दिलं. शालीत ती आणखी उंच आणि अवघडलेली दिसत होती. माइक हातात दिल्यावर तिने तिच्या मोडक्या मराठीत खरं ते सांगितलं: मला शेवटी घेतलंय, मी फार चांगली खेळत नाही, मी फक्त वाटेत उभी राहते. टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्याकडे स्टेजवर माणूस मी कोणी नाही म्हणाला की त्याला जास्त टाळ्या पडतात. एवढी हुशार असून किती नम्र, असं माझ्या शेजारची बाई मला म्हणाली. मी तिला तिळगूळ दिला.

पहिल्या सामन्याला पंधरा-वीस माणसं आली. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, फिलिपिनो लोकांच्या घरच्या मंडळींनी भरलेला, आणि एका कोपऱ्यात आमचे. ढोल, चिवड्याचे डबे, मुलीच्या फोटोचा फ्लेक्स. सुलैबियाहून सेक्रेटरींबरोबर कंत्राटी पोरं कंपनीच्या बसने आली होती, सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचे शर्ट घालून. अर्धा सामना मुलगी बाकावर बसली. मग आमच्या बाजूने तिच्या नावाचा गजर सुरू झाला. सेक्रेटरी लाडवांचा डबा घेऊन कोचकडे गेले. डबा परत आला.

शेवटी कोचने तिला उतरवलं, ते गजरामुळे नव्हे, दुसरी मुलगी दमली म्हणून. ती उभी राहिली, धडक खाल्ली, हलली नाही. छान चाललं होतं. मग बॉल चुकून तिच्या हातात आला आणि आमचा सगळा कोपरा उठून ओरडला, "मार!" तिने मारला. बॉल कड्याच्या जवळपाससुद्धा गेला नाही. समोरच्यांनी तो उचलून पळत जाऊन टोपलीत घातला. पुढच्या वेळी परत तेच. कोचने तिला बाहेर बोलावलं.

सामना संपल्यावर कोच माझ्यापाशी आली. आवाज न चढवता म्हणाली, मॅम, मी हिला नेम धरायला घेतलेलं नाही. आता एक सामना उरलाय. ती माझ्यासाठी खेळणार की त्यांच्यासाठी, ते तिला ठरवायला सांगा.

गाडीत मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. पहिला सिग्नल सुटल्यावर म्हणाली, "आई, त्यांना सांग ना, नका येऊ. बाबा नाही सांगणार."

बाबा गाडी चालवत होते. त्यांनी एसी वाढवला.

म्हणजे हेही काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर हॉस्पिटलच्या पार्किंगमधून मी सेक्रेटरींना फोन लावला आणि कोच काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं.

"वहिनी, पोरीला पाठिंबा नको?" ते म्हणाले.

"भाऊ, तिला नुसतं उभं राहायचंय. ते बघायचं असेल तर या. पण गप्प बसा."

"उभं राहण्याला टाळ्या कशा वाजवणार?"

"नका वाजवू."

मागे गोदामात कोणीतरी हाक मारत होतं, त्याला त्यांनी थांब म्हटलं. मग म्हणाले, "आम्ही आठवडाभर खोकी उचलतो, वहिनी. पोरं म्हणाली, आपलं कोणीतरी खेळतंय, जाऊ या. त्यांना काय सांगू?"

त्यांचं खरं होतं. पण त्या सगळ्यांचा आठवडा हिने दहा मिनिटांत भरून काढायचा, हे काही जमणारं नव्हतं. मी म्हटलं, माझं नाव सांगा, वहिनी खडूस आहे म्हणावं. ते म्हणाले, ते त्यांना माहीत आहे.

दुसऱ्या सामन्याला आमच्या बाजूचे बाक रिकामे होते. सेक्रेटरी एकटे आले आणि माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले, डॉक्टरकडे बसतात तसे. मुलगी उतरली. धडक बसली, हलली नाही. मग बॉल तिच्याकडे आला, समोर वाट मोकळी, हॉलमध्ये आमचं कोणी ओरडणारं नाही. तिने तो शेजारच्या मुलीला देऊन टाकला.

"का नाही मारला?" सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"तिचं काम नाही ते."

थोड्या वेळाने ती पुन्हा आडवी उभी राहिली, समोरची मुलगी तिच्यावर आपटून खाली बसली आणि मोकळ्या सुटलेल्या नेमबाज मुलीने बॉल टोपलीत टाकला. सेक्रेटरी पुढे वाकले. "आत्ताचं हे हिच्यामुळे झालं ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी टाळीसाठी हात वर केले, माझ्याकडे पाहिलं आणि परत मांडीवर ठेवले.

सामना त्या हरल्या. पण कोच कागद-पेन घेऊन आली आणि मुलीला आडनावाचं स्पेलिंग विचारलं. जर्सीवर छापायला. आमचं आडनाव लांब आहे. मुलीने ते दोनदा सांगितलं, सावकाश.

घरी पोहोचेपर्यंत ग्रुपवर विचारणा सुरू झाली होती. किती पॉइंट केले? नवरा मोबाइल हातात धरून काय लिहावं या विचारात होता. तेवढ्यात सेक्रेटरींचं उत्तर आलं: "शून्य. पण उभी छान राहिली."

मी तिचे घामाचे कपडे मशीनला लावले. सत्काराचा नारळ आधीच फोडून चटणीत संपवला होता.