वाकडा पाय
कपाट उघडलं की मेणाचा वास येतो आणि मुलुंडच्या घरातली ती दुपार आठवते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, म्हणून आईला वांद्र्याच्या मोत मावलीचा नवस फेडायचा होता. वाहायला मेणाचा पाय आणला मी, आणि मीच शहाण्यासारखा तो स्कूटरच्या डिकीत उन्हात विसरलो. पाय केळ्यासारखा वाकला. "वाट लावलीस रे! आता ह्यांच्या पायाला काही झालं म्हणजे?" आईचा चेहरा पडला. शेजारच्या ख्रिस्ती बाई तेव्हा चहाला आल्या होत्या. शाळेतून रिटायर झाल्यावर त्या हौसेने ग्रीक शिकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या बायबलात एपान्गेलिया असा शब्द आहे, वहिनी. देवाने आपणहून, कुणी न मागता दिलेलं वचन. दिलेलं तो मेणासाठी परत घेत नाही." आईने डोळे पुसले, चहा संपवला आणि मला म्हणाली, "ऊठ, दुसरा पाय घेऊन ये." मी म्हटलं, "अगं, आत्ताच सांगितलं ना त्यांनी?" "ते देवाचं वचन झालं. मी दिलेला शब्द मी नको पाळायला?" बाई इतक्या हसल्या की कपातला चहा बशीत सांडला. तो वाकडा पाय मी अजून टाकलेला नाही. बाबा रोज मैदानाला तीन फेऱ्या मारतात, आणि श्रेय कुणाचं, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही.