देवी झालेली लांडगीण

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात, आणि भासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नसतं. ही रीत घालणाऱ्यानं आमचे भासरे पाहिले नसावेत. हा माणूस दिवसभर बोलतो आणि त्यातलं एक वाक्य ऐकण्यालायक नसतं. मला जे सुनावायचं ते मी नवऱ्याला सांगायचे, नवरा त्यात पाणी घालून भावाला सांगायचा, आणि मी घरात भांडी आपटत बसायचे.

रानडुकरांनी हरभरा उकरला म्हणून भासऱ्यांनी सुलतानपूरहून मोटरसायकलच्या जुन्या क्लच वायर आणल्या आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फास लावले. डुक्कर एकही सापडलं नाही, डुकरांना भासऱ्यांपेक्षा अक्कल जास्त. सापडली गायरानातली लांडगीण. सकाळी पाहतो तर खुंट उपटलेला, वायर तुटलेली, आणि रक्ताचे थेंब गायरानाकडे गेलेले. मिशीवर हात फिरवत भासरे म्हणाले, दोन दिवसांत मरते.

ती मेली नाही. आमच्या शेताचा बांध गायरानाला लागून आहे, त्यामुळे तुरी सोंगताना, विळ्यानं कापताना, ती मला दिसायची. पुढच्या एका पायाचा पंजा आधी सुजला, मग काळा पडून वाळला, आणि शेवटी वायरसकट गळून गेला. नाल्याच्या दरडीत तिचं बीळ होतं. तिथं पडून ती तो थोटा पाय चाटत राहायची. पुढं तिला तीन पिल्लंही झाली. नर कुठूनतरी खाऊन यायचा आणि तिच्यापुढं ओकायचा, त्यावर ती जगली. हळूहळू तीन पायांवर उठली, लंगडत उंदीर धरू लागली. पहिला उंदीर धरला त्या दिवशी मी बांधावर एकटीच हसले. आमच्या भासऱ्यांच्या पायात काटा मोडला की आठवडाभर खाटेवरून उठत नाहीत.

मग ती गावाच्या नजरेला पडली. फासातून वाचलेलं, तीन पायांवर चालणारं जनावर, म्हणजे देवीच. पहिला नारळ कोणी फोडला? आमच्या भासऱ्यांनी. फास लावणारा तोच, पुजारीही तोच. बिळाजवळच्या दगडाला शेंदूर फासला, झेंडा रोवला, दुधाच्या वाट्या मांडल्या. लांडग्याला दूध, तेही साखर घालून! चांगल्या शहाण्यासुरत्या बाया मोबाइल धरून ओळीत उभ्या राहायच्या. बघून माझ्या अंगाची लाही व्हायची.

दूध तिनं हुंगलंसुद्धा नाही. आली ती कुत्री, आधी दोन-चार, मग अख्ख्या गावाची. माणसांच्या गर्दीनं नर जवळ येईना, तिचं खाणं तुटलं. एका दुपारी कुत्र्यांनी एक पिल्लू बिळातून ओढून फाडलं. भासरे म्हणाले, देवीनं भोग घेतला. मी नवऱ्याला म्हटलं, भावाला सांगा, हे बंद करा, नाहीतर उरलेली दोन्ही जातील. नवरा म्हणाला, लोकांची श्रद्धा आहे. शेपूट घालायला या माणसाला काहीही पुरतं.

पुढच्या शुक्रवारी भासरे आरतीचं ताट घेऊन उभे राहिले, आणि मी सगळ्यांदेखत बोलले.

"भाऊजी, फास तुमीच लावला होता. तिचा पाय तुमीच तोडला. आता तिले दूध काऊन पाजता? ते कुत्रे पिल्लं खाऊन राह्यले, दिसत नाही काय?"

 नवऱ्यानं मान खाली घातली. कोणीतरी म्हणालं, सून वाया गेली. मी दुधाच्या वाट्या नाल्यात उपड्या केल्या आणि काठी घेऊन कुत्र्यांच्या मागं लागले. लोक कुरकुरत पांगले.

दिवस मावळायच्या सुमारास लांडगीण बाहेर आली. तोंडात पिल्लू. नाला उतरताना थोट्या पायावर जोर पडला, तोंडावर आपटली, पण पिल्लू सोडलं नाही. पल्याडच्या झुडपात ठेवून परत आली. कुत्री लांबून भुंकत होती, मी काठी उगारून मध्ये उभी होते. दुसरं पिल्लू घेऊन जाताना ती माझ्याजवळून गेली, थांबली, पिल्लू खाली ठेवलं आणि माझ्यावर दात काढून गुरगुरली. मी काठी टाकून दिली. तरी ती गुरगुरतच राहिली. फास कोणी लावला आणि कुत्री कोणी हाकलली, तिला काय ठाऊक. तिला माझ्या अंगाला आमच्या घराचाच वास आला असेल.