जुन्या नळीचा कागद

आमच्या मॅनेजरचं नाव घेतलं तरी मला मळमळतं. पण हे त्याच्याबद्दल नाही, मालतीताईंबद्दल आहे.

पेणच्या रामवाडीतून रोह्याच्या औषध कंपनीत त्या बावीस वर्षं येत होत्या. लॅबमध्ये त्यांचं काम केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीचं. नळीतून एक द्रावण फिरवलं की काचेवर आतून पातळ थर धरतो. मग वीज लावायची. औषधातले घटक नळीतून धावतात. थराला जास्त चिकटणारा मागे राहतो, कमी चिकटणारा पुढे निघतो, आणि कागदावरच्या आलेखात प्रत्येकाचं वेगळं शिखर उमटतं. पण हा थर नुसता चिकटलेला, पक्का जोडलेला नव्हे. वीसेक तपासण्यांत धुऊन जातो. म्हणून ताई रोज सकाळी दोन तास घालवून नवा थर द्यायच्या. आम्ही हसायचो, "ताईंच्या नळीची आंघोळ झाली का?" म्हणून.

मार्चमध्ये रक्तदाबाच्या औषधाची एक बॅच आली. मोठ्या शिखराला खेटून एक लहान शिखर. नको तो घटक, मर्यादेच्या दुप्पट. मॅनेजर तुपाळ आवाजात म्हणाला, "मॅडम, उद्या थर देऊ नका. जुनीच नळी लावा." जुन्या नळीत दोन्ही घटक एकत्र निघणार, एकच देखणं शिखर दिसणार. शी!

"मला नाही जमायचं," ताई म्हणाल्या.

मग त्यानं मला विचारलं. मी गडब गावचा गणेश, ताईंनीच शिकवलेला. मला जमलं.

माझा कागद बघताच ताईंनी ओळखलं. त्यांनी नवा थर दिला, पुन्हा तपासणी केली, लहान शिखर परत आलं. दोन्ही कागद मॅनेजरपुढे टाकून त्या माझ्याकडे वळल्या. "गणेश, यातला खरा कुठला?"

"मला नाय सांगता येत, ताई."

तो माझा ओशट आवाज आठवला की अजून थुंकावंसं वाटतं.

सोमवारी ताईंना गोदामात टाकलं आणि माझ्या सहीनं बॅच पास झाली. पण त्या बॅचच्या ड्रमांवर पासची हिरवी लेबलं लावायचं काम गोदामाचं, म्हणजे आता ताईंचंच. त्यांनी हात लावला नाही. मॅनेजर ओरडला, मेमो देतो म्हणाला. ताई ड्रमांपुढे स्टूल टाकून बसून राहिल्या.

शेवटी मॅनेजरनं मला खाली गोदामात बोलावून लेबलांचा गठ्ठा हातात दिला. वाटलं, आता ताई चार शिव्या तरी हासडतील. त्या माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघत होत्या.

"ताई, जरा सरका," मी म्हणालो.

त्या सरकल्या. मी अठराच्या अठरा ड्रमांवर लेबलं लावली.