दाराआडची मुगागाठी

बर्थच्या कडेला माझा हात जिथे टेकला होता, तिथे तिने पाणी शिंपडलं. बाटलीच्या बुचात घेतलं आणि बोटांनी शिंपडलं. तीन वेळा. मग कागदी रुमालाने ती जागा पुसली आणि तो ओला रुमाल माझ्या हातातल्या ट्रेमध्ये टाकला.

मी ट्रे धरून उभा. गाडी चालू होती. 

पाच मिनिटांपूर्वी याच डब्यात माझं कौतुक चाललं होतं.

मी सर्वणचा. डिचोलीच्या जवळचं गाव. जात महार. आमच्या वाड्यावर घरोघरी बांबू चिरतात, सुपं आणि पाटल्या, म्हणजे टोपल्या, विणतात. माझी आई अजून विणते. मी मात्र लांब पल्ल्याच्या गाडीच्या पॅन्ट्रीत लागलो. गाडीचं नाव सांगत नाही, ठेकेदाराचंही नाही. सगळ्या पॅन्ट्र्या आतून सारख्याच. एका अंगाला शेगड्या, दुसऱ्या अंगाला ट्रेंचे ढीग, मधे माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. मे महिन्यात बनियन पिळून परत घालायचं.

नऊ वर्षं मी ट्रे उचलले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, डुलत, कोणाच्या अंगावर सांडू न देता. ट्रेवाल्याला सगळे ‘ए’ म्हणतात. म्हाताऱ्यापासून शाळकरी मुलीपर्यंत सगळे. नऊ वर्षांनी मला शेगडी मिळाली. शेगडी मिळणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. पहिल्या दिवशी मॅनेजरने मला नावाने हाक मारली आणि मी वळलोच नाही. वाटलं, दुसऱ्या कोणाला बोलावतोय.

त्या उन्हाळ्यात मॅनेजरने ऑर्डरचा कागद दाखवला. बत्तीस माणसं, थिवी स्टेशनवर चढणार, उत्तरेकडे यात्रेला. कांदा-लसूण नको. गाव सर्वण. खाली आमच्या भाटकारांचं नाव. भाटकार म्हणजे आमच्याकडचे जमीनदार. आमचं घर ज्या जमिनीवर आहे, ती त्यांची.

मी खुळा. मला आनंद झाला.

मॅनेजरला म्हटलं, दोन्ही दिवस दुपारचं जेवण मी आमच्या पद्धतीचं करतो, खूश होतील. घरी आलो नि आईला सांगितलं. तिने मूग भिजत घातले, फडक्यात बांधले, मोड काढले. दुसरा अख्खा दिवस उंबऱ्यात बसून एकेका मुगाचं साल काढलं. बत्तीस माणसांना दोन वेळ पुरतील एवढे मूग. मुगागाठी म्हणजे साल काढलेल्या मोडाच्या मुगाची, खोबऱ्याच्या वाटपातली भाजी. आमच्या देवळात जेवणावळीला हीच असते. बोटांची टोकं सुरकुतली तिची. मी निघताना ती म्हणाली, “बरी कर हां. आनी भाटकारांक सांग, मूग आवयन सोलल्यात म्हूण.” आवय म्हणजे आई.

देवळातली ती चव मला कोणी शिकवली नाही. लहानपणी आई जेवणावळीसाठी नव्या पाटल्या घेऊन जायची. शिजलेला भात त्या पाटल्यांत उपसायचे. मी तिच्यासोबत जायचो आणि स्वयंपाकाच्या खिडकीखाली बसायचो. आत यायला बंदी, वास घ्यायला नव्हती. धणे किती, मिरी किती, गूळ कधी टाकायचा, आचारी मदतनिसांवर ओरडायचा ते सगळं बाहेर ऐकू यायचं. आमची पंगत सगळ्यांत शेवटी, अंगणाच्या बाहेर. तोवर मुगागाठीचा तळ आलेला असायचा. तळातलीच चव माझ्या तोंडात बसली.

पाटल्या आत जायच्या. आम्ही नाही. सुपांचंही तसंच. चवथीला, म्हणजे गणपतीत, भाटकारांच्या घरच्या लेकी-सुना नव्या सुपात ओवसा, म्हणजे गौरीचं वाण, भरतात. सुपं आईची. ती अंगणाच्या कडेला ठेवायची, मागे सरायची. मग सून तांब्या घेऊन यायची, सुपांवर पाणी शिंपडायची आणि उचलून देवापुढे न्यायची. मी हे दर वर्षी बघत आलो. मला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगतो, काही वाटायचं नाही. पाऊस पडतो तसं ते होतं.

तर त्या दुपारी मी मुगागाठी केली. ट्रे गेले. थोड्या वेळाने एक जण पॅन्ट्रीत आला, म्हणाला, भाटकार आचाऱ्याला बोलावतायत. मी हात धुतले. केसांवरून पाण्याचा हात फिरवला. एक ट्रे जास्तीचा भरून घेतला, वाढायला म्हणून.

“अरे, ही आमच्या देवळांतली!” भाटकार मोठ्याने म्हणाले. बोट चाटत होते. “तुवें केली? खंयचो रे तूं?”

“सर्वणचो.”

“आमच्या सर्वणचो? पळयात! कोणालो?”

कोणाचा मुलगा, ते विचारत होते. त्यांनी मला कधी नीट पाहिलंच नव्हतं, मग ओळखणार कसे. मी बर्थच्या कडेला हात टेकला. हसलो. आईचा निरोप द्यायचा होता ना.

“चवथीक तुमगेर सुपां हाडटा, तिचो पूत. मूग तिणेंच सोलल्यात.”

सुपं आणून देते तिचा मुलगा, एवढंच सांगितलं. पुढचं काय सांगू.  कोणाचा तरी चमचा ट्रेवर पडला. भाटकारांची सून सासऱ्यांना हळू म्हणाली, “मामा, दवरात तें.” भाटकारांनी घास खाली ठेवला. तोंडातला गिळावा की थुंकावा, हे त्यांना कळेना. गिळला. मग सुनेने बाटलीचं बूच उघडलं.

तांब्याच्या जागी बूच आणि सुपाच्या जागी माझा हात. त्या क्षणी मला अंगणाच्या कडेला मागे सरणारी माझी आई दिसली. इतकी वर्षं मी बघत होतो आणि मला काही वाटत नव्हतं, याचीच लाज वाटली. पाणी शिंपडलं त्यापेक्षा जास्त.

मॅनेजर धावत आला. तो बेळगावकडचा. माणूस वाईट नव्हता. मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसाशी निदान भांडता येतं. भाटकार त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलले. “त्याला आम्ही काही म्हणत नाही. त्याचा दोष नाही. पण आम्ही यात्रेला निघालो आहोत. आमचे नेम असतात. उद्याचं दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.”

पॅन्ट्रीत आल्यावर मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाला, “मारुती करील उद्या.” मारुती दुसरा आचारी, गडहिंग्लजकडचा. त्याने मुगाचं फडकं उघडून बघितलं आणि परत बांधलं. “मला न्हाई जमायचं त्ये. बिघडलं तर माझ्या गळ्यात.”

मॅनेजर डोकं धरून बसला. मग म्हणाला, “असं कर की. तू कर, दार लावून. बाहेर मारुती जाईल. बत्तीस लोक आहेत बाबा, तक्रार गेली तर तुझी शेगडी जाईल आणि माझी नोकरी.”

मी केली.

हेच मला आजही खातं. मी नाही म्हणालो नाही. नऊ वर्षांनी मिळालेली शेगडी. आणि आईने सोललेले मूग, आंबून गेले असते. मीच मला कारणं देत होतो आणि खोबरं वाटत होतो. दार लावलेलं. उकाड्याने डोळ्यांत घाम उतरत होता, निदान घाम आहे असं मी धरून चाललो.

मारुती ट्रे घेऊन गेला, रिकामा परत आला. मी विचारलं, काय म्हणाले? तो शेगडीकडे बघत म्हणाला, “पयल्यांदा जात इचारली. मी सांगितली. मग जेवले.”

तेवढ्यात दारावर टकटक. भाटकार स्वतः आले होते. मारुतीने दार अर्धं उघडलं आणि अंग आडवं घातलं. मी दाराच्या मागे, हातात डाव, डावाला मुगागाठी लागलेली.

“वा!” भाटकार म्हणाले. “आज कशी सुरेख झाली! कालच्या भाजीत काहीतरी कमी होतं. हात कळतो हो माणसाचा.”

मारुती ‘व्हय जी’ म्हणाला. दार लागलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघू शकलो नाही. मी डाव बेसिनमध्ये टाकला आणि तिथेच खाली बसलो. ओरडून सांगायला हवं होतं. दार नुसतं ढकललं असतं तरी झालं असतं. नाही ढकललं.

घरी आलो. आईने पहिलं तेच विचारलं. “भाटकारांक आवडली?”

“आवडली,” म्हटलं. खोटंही नव्हतं ते. ती चार घरांत सांगून आली.

बारा दिवसांनी तीच मंडळी आमच्याच गाडीने परत निघाली. मॅनेजरच्या हातात कागद. “मारुतीच्या हातची मुगागाठी मागितलीय त्यांनी. दार लावून घे.” तो हसलासुद्धा, म्हणजे गंमतच आहे बघ, अशा अर्थाने.

मी म्हणालो, “दार उघडं ठेवून करीन. पहिला ट्रे मी नेऊन देईन. नाहीतर करणार नाही.”

“मग ट्रे उचल,” तो म्हणाला. “शेगडी सोड.”

मी शेगडी सोडली. सांगताना सोपं वाटतं. मारुतीने कशीतरी मुगाची उसळ केली. मी ट्रे उचलले, बारा दिवसांची यात्रा करून आलेल्या त्या डब्यात गेलो आणि भाटकारांच्या पुढे उभा राहिलो. आवाज फाटत होता माझा. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू.

“भाटकार, त्या फावट दुसऱ्या दिसाची मुगागाठीय हांवेंच केल्ली. दार लावन. मूगय म्हजे आवयचेच.” तीही मीच केली होती, हे सांगून टाकलं.

“फट मारता,” ते म्हणाले. खोटं बोलतोस.

“हात कळटा म्हणिल्लें तुमी.”

त्यांचा चेहरा पडला. सून बाटली शोधत होती, पण शिंपडायचं कुठे ते तिला कळेना. दोन्ही वेळचं केव्हाच पोटात गेलं होतं. बत्तीसच्या बत्तीस ट्रे परत आले, झाकण न उघडता. त्या दिवशी मात्र शिजवताना मी कशालाच हात लावला नव्हता. ते ट्रे परत आणायचं कामही माझंच. मॅनेजरने मला काही विचारलं नाही. शेगडी गेली ती गेली.

यावेळी आईला सगळं सांगितलं. ती बांबूच्या पात्या तासत होती. कोयता थांबला नाही.  मग म्हणाली, “मूग बरे सोलिल्ले रे हांवें.” तेवढंच.

चवथीला भाटकारांच्या घरून नेहमीसारखा निरोप आला, सुपं हवीत. जसं काही घडलंच नाही. मी म्हटलं, आई, जाऊ नकोस. ती म्हणाली, “घर तांच्या जाग्यार, आनी तूं म्हणटा वचूं नाका.” सुपं डोक्यावर घेऊन ती गेली. मी उंबऱ्यात उभा राहून बघितलं. ती वळणाआड गेली. तिला अडवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

आता परत ट्रे उचलतो. परत ‘ए’. प्रवासी विचारतात, कुठला रे तू? गोव्याचा म्हटलं की खूश होतात. पूर्वी मी तिथे थांबायचो. आता थांबत नाही. गाव सांगतो, वाडा सांगतो, आई सुपं विणते ते सांगतो, जात सांगतो आणि मग ट्रे पुढे करतो. कोणी घेतात. कोणी म्हणतात, भूक नाही. तो चेहरा मी नीट बघून घेतो. आधी खाली बघायचो.

गेल्या महिन्यात मारुती गावी गेला. मॅनेजर शेगडीपाशी मला घेऊन गेला. म्हणाला, “घे परत तुझी. फक्त बाहेर काही बोलायचं नाही. आत राहायचं.” आणि जाता जाता सवयीने त्याने दार ओढून घेतलं.

डाळ चढलेली होती. मी शेगडी बंद केली. दार उघडलं आणि ट्रे उचलला.